लाल टोकाची काठी

५ मार्च

भाऊजी,

आधी ‘सप्रेम नमस्कार’ असं लिहिलं होतं, मग ‘सप्रेम’ खोडलं. नमस्कार घ्या, प्रेमाचं नंतर बघू.

पत्र पाहून चमकला असाल. फोन तुम्ही उचलत नाही. पत्राचं एक बरं असतं, न वाचता फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता पोस्टमनकडून घेतला. घर सोडून जाताना तुम्ही पत्ता त्याच्याजवळ ठेवलात, आमच्याजवळ नाही. दोन वर्षं तो बाबा आमच्या दारात येतो, चहा पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि एका शब्दाने बोलला नाही. मीही कधी विचारलं नव्हतं, हेही खरं.

कामाचं लिहिते. रोलरची किल्ली पाठवा.

थंडी सरली. गवताचं शेत थंडीने फुगलंय, पाऊल टाकलं की माती भसकन खाली बसते. घुशींनी जागोजागी ढिगारे काढलेत. खालचे दगड दरवर्षीसारखे वर आलेत. आता आधी दाताळं फिरवून ढिगारे मोडायचे, मग दगड वेचायचे, मग जिथे टक्कल पडलंय तिथे बी टाकायचं आणि शेवटी माती दाबायला रोलर. तोही जमिनीत ओल आहे तोवर. एकदा ओल गेली की जमीन विटेसारखी होते, मग रोलर फिरवा नाहीतर लाटणं फिरवा, सारखंच. हे मी तुम्हाला शिकवतेय! पण दोन वर्षं शहरातल्या गोदामात खोकी उचलणारी गाडी चालवून विसरला असाल, म्हणून लिहिलं.

रोलर तुम्ही शेडच्या खांबाला साखळीने बांधून, कुलूप घालून गेलात. “रोलर माझा आहे,” म्हणालात. आहे तुमचाच. जाड पाइपात काँक्रीट भरून तुम्हीच बनवलात. घमेली मात्र मी उचलून दिली होती, तेव्हा त्यात घमेलंभर मीही आहे असं समजा.

गेल्या वर्षी दाताळं फिरलं नाही, रोलर तर नाहीच नाही. कापायला बाहेरचा माणूस बोलावला. त्याने पातं मोडायच्या भीतीने गवत इतकं वरून कापलं की अर्धं शेतातच उभं राहिलं, आणि जे घरी आलं त्यात माती. गाई हिवाळाभर खोकत होत्या. यंदा गवत नीट झालं नाही तर गाई विकायच्या, असं तुमच्या दादांनी ठरवून टाकलंय. व्यापारी एकदा येऊन गाईंचे दात बघून गेलासुद्धा. माझ्या गाईंच्या तोंडात त्याचा हात! मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेजारच्यांचा रोलर मागून पाहिला. “आमचं झालं की न्या,” म्हणाले. त्यांचं होईपर्यंत आमची वीट झालेली असेल. कुलूप तोडते म्हटलं, तर हे आडवे आले. “हात लावायचा नाही. त्याचं आहे ते.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणून लिहायला बसले. मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही, तुम्हीही कळवू नका.

ह्यांची तब्येत ठीक आहे.

किल्ली पाठवा. बाकी काही नको.

वहिनी


१४ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. येणार नाही असं वाटलंच होतं. मूग गिळून बसण्यात तुमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. मामंजी तसेच होते, तुमचे दादा तसेच, आणि तुम्ही शेंडेफळ, तुम्ही तर सगळ्यांवर ताण.

दाताळं फिरवून झालं. ते लोखंडी दात्यांचं जाळं शेडमधून बाहेर ओढताना माझ्या मनगटाची सालटी निघाली. गंजून एकमेकांत असं गुंतलं होतं की सोडवताना मी तुम्हा दोघांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

आता एक सांगून टाकते. मागचं पत्र मी असं लिहिलं की जणू हेच शेतात उतरणार आहेत. ट्रॅक्टर मी चालवते. हसायचं तर हसून घ्या. पहिल्या दिवशी क्लच सोडला तर त्याने अशी उडी मारली की मी खाली आणि माझी चप्पल वर. दुसऱ्या दिवशी दाताळं मागे जोडलंय हे विसरून वळले आणि फाटकाचा खांब वाकवला. आता जमतं. सरळ ओळ अजून येत नाही, पण गवताला काय, ते वाकड्या ओळीतही उगवतं. हे बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून ओरडतात, “डावीकडे! अगं, डावीकडे! शेत सोडून कुठे निघालीस?” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी आता रोज ऐकते. एकदा चिडून म्हटलं, “मग तुम्ही या की वर!” बोलून गेले आणि जीभ चावली.

का चावली ते सोडा.

दगड लागला की दाताळं खणकन वाजतं. मग उतरायचं, दगडाशेजारी लाल टोकाची काठी रोवायची आणि पुढे जायचं. मामंजींचा नियम मी मोडला नाही. दाताळंवाल्याने काठी रोवायची, रोलरवाल्याने काढायची. रोलरवर बसण्याआधी त्याने अख्खं शेत पायाखालून घालायचं, प्रत्येक काठीपाशी जायचं, दगड उचलायचा, काठी काखेत मारायची. शेतात एक जरी काठी उभी असली तरी कापणीचं यंत्र आत येणार नाही. तुम्ही दोघं भाऊ हे काम करायचात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. बोलायचात नाही एकमेकांशी. एक काठ्या रोवत पुढे, दुसरा काढत मागे. दिवस मावळताना शेतात एकही काठी नसायची, आणि तुम्ही त्यांचा भारा डब्यात आपटून ठेवलात की ह्या घरातलं वसंतातलं काम संपलं, असं मी समजायची.

आणि मग त्या वर्षीचा उन्हाळा. कापताना पातं दगडावर आदळलं, तुकडा उडाला आणि ह्यांच्या घोट्यात घुसला. अंगणात रक्ताची धार लागलेली, आणि तुम्ही दोघं काय करताय, तर भांडताय!

“मी तिथे काठी रोवली होती.”

“तिथे काठी नव्हती.”

“होती!”

“नव्हती, दादा!”

घोटा मी फडक्याने आवळून धरलाय, फडकं भिजतंय, आणि डोक्यावर तुमचं हे होती-नव्हती. शेवटी हे म्हणाले, “मला मारायलाच ठेवलास तो दगड.” ते बोलायला नको होतं. पण रक्त जात होतं त्या माणसाचं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तुम्ही घेतलंत, आणि दुसऱ्याच दिवशी रोलरला कुलूप घालून चालते झालात. दवाखान्यात घेऊन जायला शेजाऱ्यांच्या हातापाया पडावं लागलं मला. तुम्ही तेव्हा सामान बांधत होतात.

पाय कसा आहे असं तुम्ही विचारणार नाही. तरी सांगते, दुखतो.

वारा सुटलाय. किल्ली पाठवा.

वहिनी


२१ मार्च

भाऊजी,

किल्ली मिळाली. चिठ्ठीही मिळाली.

“रोलर आता वहिनींनी ठेवावा. मला त्या शेताशी काही कर्तव्य नाही.”

मी किल्लीच मागितली होती, कबूल आहे. ‘बाकी काही नको’ असंही मीच लिहिलं होतं. पण म्हणून तुम्ही खरोखर नुसती किल्ली पाठवाल असं मला वाटलं नव्हतं! पाकीट हाताला जड लागलं तेव्हा वाटलं, आत मोठं पत्र असेल. निघालं काय, तर किल्ली कागदात गुंडाळलेली आणि त्याच कागदावर ते वाक्य. कागदही गोदामाचा, मागे कसलातरी शिक्का. घरचा कागदसुद्धा मिळाला नाही तुम्हाला?

कर्तव्य नाही म्हणे. ह्या घरात मी आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात आणि मोजा एका पायात, दुसरा कुठे ते मला विचारत होतात. तुमच्या तापात मी उशाशी बसलेय. तुम्ही शाळा बुडवून ट्रॅक्टर शिकलात तेव्हा मामंजींचा मार चुकवायला माझ्या पाठीशी लपलात. आणि आता मला ‘वहिनींनी ठेवावा’! एखादी जुनी कपबशी देऊन टाकावी तसा रोलर देऊन टाकलात. वरून माझ्यावर उपकार केल्याचा आव.

तर मग आता ऐका. हे मी लिहिणार नव्हते. ह्यांनी मला शपथ घातली होती.

तुमच्या दादांना डावं पाऊल नाही.

ती जखम भरायची, पुन्हा चिघळायची, पुन्हा भरायची. बूट घालता येईना, मग चप्पल येईना, मग पाऊल टाकवेना. यंदाच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर गुडघ्यापर्यंत जाईल. घोट्याच्या वरून काढलं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. आता कळलं मी ट्रॅक्टरवर का बसते ते? मला हौस आली नाही या वयात.

ते आत होते तेव्हा मी बाहेर बाकावर एकटी होते. शेजारची जागा रिकामी होती, कोणी अनोळखी येऊन बसू नये म्हणून मी तिथे पिशवी ठेवली. का ठेवली, कोणासाठी जागा धरली, असं त्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर मी रडले असते. कोणी विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? पाणी मागितलं नाही, पाय विचारला नाही. “त्याला कळवायचं नाही,” म्हणाले. शपथ घालून म्हणाले. एवढा राग! पाऊल गेलं तरी राग गेला नाही. मी त्यांची समजूत घालायला गेले तर भिंतीकडे तोंड केलं.

तर शपथ मोडली. मोडली तर मोडली, आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय? तुम्हाला शेताशी कर्तव्य नाही ना? शेताशी नाही तर नाही. हे शेताबद्दल नव्हतं.

उद्या कुलूप काढते.

वहिनी


२५ मार्च

भाऊजी,

हे पत्र तीन वेळा फाडलं. अक्षर लागलं नाही तर नीट बघून वाचा.

कुलूप गंजलं होतं. किल्ली आत जाईना. साखळीचा आवाज ऐकून हे कुबड्या टेकत शेडपर्यंत आले.

“किल्ली कुठून आली?”

“पोस्टाने,” मी म्हटलं.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तर उलट फळीवरची तेलाची कुपी काढून माझ्या हातात दिली आणि खुर्चीत जाऊन बसले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला कुठलं सुचायला! मी तेल सोडत होते.

मग नियमाप्रमाणे आधी शेत पायाखालून घातलं. यंदा काठ्या रोवणारी मी आणि काढणारीही मीच, पण म्हटलं, नियम तो नियम. बादलीत दगड घेत, काखेत काठ्या मारत मी त्या ठिकाणी पोचले. तुम्हाला ठाऊक आहे कुठलं. कुंपणापासून आत, जिथे जमीन थोडी उतरती होते. तो दगड अजून तिथेच आहे. वरून टोपीएवढा दिसतो, खाली केवढा आहे देव जाणे. पात्याने पाडलेली चीर अजून त्याच्यावर पांढरी दिसते. गेल्या वर्षी कापायला आलेल्या माणसाने त्याच्याभोवती यंत्र नेलंच नाही.

त्या दगडाच्या पलीकडे, दाताळ्याने उकरलेल्या गवतात काहीतरी लाल दिसलं.

मी बोटांनी माती काढली. गवताच्या मुळांनी ती घट्ट धरून ठेवली होती. आडवी, चेपलेली, मधे मोडलेली. लाल टोकाची काठी, भाऊजी. मामंजींच्या हातची, सोललेली, तासलेली. रोलर तिच्यावरून गेलेला अगदी दिसतो.

मी तिथेच फतकल मारून बसले. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. मी मोठ्याने हसले. ह्यांनी काठी रोवली होती हे खरं, आणि तुम्ही आलात तेव्हा काठी उभी नव्हती हेही खरं! वाऱ्याने पडली असेल, नाहीतर एखादं जनावर धडकून गेलं असेल. कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी ती काठी पदराने पुसली आणि पळत घरी आले. ह्या वयात पळाले. ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, “बघा! बघा ही! पडली होती!”

ह्यांनी काठीला हात लावला नाही.

“उभी कुठे होती ती,” म्हणाले.

“म्हणजे?”

“रुतत नव्हती. खाली सगळा दगडच. इकडे खुपसली, तिकडे खुपसली, जाईना. पाऊस आला होता अंगावर. मग तशीच टेकवली दगडाला आणि पुढे गेलो.”

“टेकवली?”

“टेकवली.”

“आणि त्या दिवशी अंगणात म्हणालात, रोवली होती.”

“पाय फुटला होता माझा. तोंडातून निघून गेलं.”

“आणि नंतर? दोन वर्षं?”

“नंतर कसं सांगायचं?” हे म्हणाले. “तो गेलाच होता.”

भाऊजी, इतकी वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर, हात उगारायचा तेवढा राहिला होता. उगारला नाही. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं ते उचललं आणि दारातून अंगणात भिरकावलं. घरात नाही फेकलं, पुसायला मलाच लागलं असतं. मग मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. भावाला खुनी ठरवलंत, म्हटलं. ट्रॅक्टर शिकवायला वेळ होता, ‘डावीकडे’ ओरडायला आवाज होता, आणि एक वाक्य बोलायला तोंड नव्हतं? मी त्या दिराला पत्रांतून काय काय सुनावलं, ते कोण परत घेणार? हे मान खाली घालून ऐकत होते. मला वाटत होतं त्यांनी भांडावं. भांडले असते तर बरं झालं असतं.

‘त्याला कळवायचं नाही.’ मी त्याला राग समजले. राग कसला! लाज होती ती. कुलपाला हात लावू देत नव्हते तेही त्यातलंच. स्वतःला शिक्षा करत बसले होते, आणि त्या शिक्षेत मला आणि गाईंना फुकट ओढलं.

पण थांबा. इतक्यात मान ताठ करू नका. तुमचंही आहे.

काल मी रोलर फिरवत होते. एक दगड माझ्या नजरेतून सुटला, वांग्याएवढा असेल. रोलर त्याच्यावर चढला आणि उतरला, तर असा हिसका बसला की माझे दात वाजले आणि मान अजून वळत नाही. मी ट्रॅक्टर थांबवला, उतरले, मागे जाऊन बघितलं. मी, जिला क्लच कळून महिना झाला नाही. तो चीर पडलेला दगड तर मोडायला पहारी लागतील असा. त्याच्यावरून तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला काय गुदगुल्या झाल्या? काठी नव्हती, मान्य. हिसका होता की नव्हता? उतरलात का? का नाही उतरलात ते तुमचं तुम्हाला माहीत. तुमच्या दादांनी त्यांचं सांगितलं. तुमचं मला कोण सांगणार?

तेव्हा ह्यांनी काठी टेकवली आणि तुम्ही हिसका गिळला. मग दोघांनी अंगणात उभं राहून एकमेकांच्या नावाने शंख केला, आणि ह्यात माझ्या नवऱ्याचं पाऊल गेलं आणि माझा दीर गेला. मला तुम्हा दोघांना एका दाव्याला बांधून गोठ्यात उभं करावंसं वाटतंय.

रोलर झाला, ओल होती तोवर झाला. तेवढी माती बसलीय नीट. त्या दगडाभोवतीचा तुकडा मात्र सोडून दिलाय. दगड मला एकटीला हलत नाही, आणि ह्यांना पहार धरून उभं राहता येत नाही.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

परवा दुपारी फोन वाजला तो तुमचाच होता. नाही म्हणू नका. पलीकडे गोदामाचा भोंगा वाजलेला मला फोनशेजारी उभं राहून ऐकू आला.

मी भांडी टाकून, ओले हात पुसून येईपर्यंत ह्यांनी उचलला होता. “हॅलो” म्हणाले. मग पुन्हा “हॅलो”. मग गप्प. तुम्हीही गप्प. ह्यांनी फोन ठेवला नाही, तुम्हीही ठेवला नाहीत. मी समोर उभी, हातवारे करतेय, बोला, बोला की! दोन बाप्ये फोन धरून गप्प बसलेत, आणि मधे मी एकटी नाचतेय! इतका संताप आला की फोन ओढून घेऊन तुम्हा दोघांच्या वतीने मीच बोलणार होते. तेवढ्यात तुमच्याकडून ठेवला गेला. ह्यांनी मात्र बराच वेळ कानाला धरून ठेवला.

मग म्हणाले, “मला शेतात ने.”

“कशाला? ओरडायला?”

“ने म्हटलं ना.”

ट्रॉलीत खुर्ची ठेवून त्यांना नेलं. वाटेत एकदाही ‘डावीकडे’ म्हणाले नाहीत. त्या दगडापाशी म्हणाले, उतरव. खुर्ची खाली ठेवली तर नको म्हणाले, सरळ जमिनीवरच बसले, पाय पसरून. एक पाऊल आणि एक नुसती गुंडाळलेली पँट. डब्यातली नवी काठी त्यांनी येतानाच मांडीवर घेतली होती. पहार मागितली.

बसल्या बसल्या त्यांनी त्या दगडाभोवतीची जमीन पहारीच्या टोकाने चाचपायला सुरुवात केली. इथे टक्, तिथे टक्. टोचत, सरकत, पुन्हा चाचपत. मी म्हटलं, “द्या इकडे, मी बघते.” तर असं बघितलं माझ्याकडे की मी गुपचूप ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले. मनात मात्र म्हणत होते, हे तेव्हा केलं असतंत तर. एकदा मोठ्यानेही म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि काम चालू ठेवलं. अर्ध्या दुपारनंतर एका जागी पहार खोल गेली. टक् आवाज आला नाही. मग त्यांनी ती गरागरा फिरवून भोक मोठं केलं, काठी आत घातली आणि हातोडीने ठोकली. ठोकता ठोकता घामाने भिजले. शर्ट मातीचा झाला. काठी निम्मी आत गेली तरी थांबेनात. मीच म्हटलं, पुरे, लाल टोक तरी वर राहू द्या.

माझा राग गेलाय असं समजू नका. ह्यांच्यावरचा नाही आणि तुमच्यावरचा तर नाहीच. ताटात वाढते, पण आपटून वाढते. तुम्ही आलात तर तुम्हालाही तसंच वाढेन.

गवत वर येतंय. टक्कल पडलं होतं तिथे टाकलेलं बीसुद्धा फुटलं. असंच राहिलं तर गाई राहतील. व्यापारी परवा फाटकापर्यंत आला होता, त्याला मी तिथूनच वाटेला लावला. पण कापणीचं यंत्र शेतात काठी उभी असताना आत जाणार नाही. नियम तुम्हाला माहीत आहे. काठी रोलरवाल्याने काढायची. शेजारी म्हणाले, आम्ही येऊन दगड काढून देतो. मी त्यांना नको म्हणून सांगितलं. यंदा रोलर मी फिरवला, तरी ही काठी माझी नाही. मी तिला हात लावणार नाही, मग गवत उभ्याउभ्या वाळलं तरी चालेल. गाई गेल्या तर त्या तुम्हा दोघांच्या नावावर जातील.

सोबत किल्ली परत पाठवतेय. कुलूप मी विहिरीत टाकलं, तेव्हा किल्ली जपून ठेवा.

मी लिहितेय हे आता ह्यांना माहीत आहे. समोरच बसलेत. म्हटलं, “काही निरोप?”

“लिही, काठी आहे.”

“एवढंच? आणखी काही?”

“नाही. एवढं त्याला कळेल.”

आता त्यांच्या शब्दावर मी काही एकदम विश्वास ठेवायची नाही. म्हणून सकाळी धारा काढून झाल्यावर मी एकटीच शेतात गेले होते. दोन्ही हातांनी धरून, सगळा जोर लावून हलवून पाहिली. हलत नाही.

वहिनी